दोन पाती

शेवटचं काम मी आणि बायकोनं मिळून केलं ते परे काढायचं. परे म्हणजे धानाची कोवळी रोपं. वाफ्यातून उपटायची, मुळांची माती पाण्यात धुवायची, जुड्या बांधायच्या. तिचा हात माझ्याहून चलाख होता. सकाळी आम्ही पाठीला पाठ लावून बसलो होतो, बाजूला कोऱ्या चहाची किटली.

"बस झाले," ती म्हणाली. "आज एवढेच लागतीन."

"बोडीत पाणी आहे तवरी आपली बांधी उरकून घेऊ." बोडी म्हणजे गावचं लहान तळं, बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा.

"लावणार कोण? तुमी?"

"बाया हायेत ना."

"बाया हायेत. पण कंबर बी आहे त्यायले."

मी ऐकलं नाही. ती उठून चिखलात उतरली, तरी मी काढतच राहिलो. पाहिजे त्याच्या दीडपट काढले.

आमचं गाव पवनी तालुक्याच्या टोकाला, डोंगराला टेकून आहे. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा लोक म्हणत होते की आता भंडारा लहान झाला, आता साहेब वरपर्यंत येतील. कोणी आलं नाही. रस्ता डोंगराखालीच संपतो. सातवीच्या पुढची शाळाही तिथंच. चालत दीड तास जायला, दीड तास यायला.

रोवणीला, म्हणजे परे लावायला, वर कोणी मजूर चढत नाही. म्हणून आमच्या बायांनी बाऱ्या बांधून घेतल्या होत्या. आज एकीची बांधी, उद्या दुसरीची, सगळ्यांनी मिळून रोवायची. जमिनीच्या मानानं प्रत्येक घरानं हात द्यायचे. कोणाला एक, कोणाला दोन. हात कमी पडला की त्या घराची बारी गेली. मग त्यांचे परे वाफ्यातच म्हातारे होतात.

शेजारच्या घराला दोन हात द्यावे लागत. त्या घरचा माणूस गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर मासे धरायला गेला आणि तिकडचाच झाला. घरी त्याची बायको आणि एक पोरगी. म्हणजे दुसरा हात पोरीचाच. आमच्याकडे पोरींची शाळा अशीच सुटते, कोणी सोडा म्हणत नाही. रोवणीत महिनाभर जात नाही, मग मास्तर विचारत नाही, मग ती जात नाही. तिच्यासंगं आठवीला गेलेल्या चारही पोरी घरी बसल्या.

माझी बायको बायांच्या बैठकीत उभी राहिली. म्हणाली, "पोरीची पात मी धरीन. तिले शाळेत जाऊ द्या."

पात म्हणजे रोवताना एका बाईच्या वाट्याला येते ती पट्टी. एक स्वतःची, एक पोरीची. पोरगी आठवीत गेली तेव्हापासून दर हंगामाला बायको दोन पाती धरायची. शेतकरी बायांच्या बैठकी घ्यायला पवनीहून एक मॅडम यायची, तिनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणालो, "तुही नातीण आहे का ते?"

"नाही. नातीण असती तं तुमी काही बोलले नसते."

आम्हाला पोटचं कोणी नव्हतं. हे ती सरळ तोंडावर बोलली.

तिचं कारण मला माहीत होतं. एका साली मी किडीचं औषध म्हणून पऱ्यांवर तणनाशक मारलं होतं. बाटली मागच्या सालासारखीच हिरवी होती. मी चौथी शिकलो आहे, पण बाटलीवरचं वाचावं हे डोक्यात आलं नाही. चार दिवसांत सगळा वाफा वाळून पिवळा. ही शेजारची पोरगी तेव्हा पाचवीत होती. रिकामी बाटली हातात धरून तिनं अडखळत वाचलं आणि म्हणाली, "आबाजी, हे तं गवत मारायचं औषध आहे."

बायको माझ्यावर ओरडली नाही. त्या दिवसापासून घरात आलेली प्रत्येक पुडी, प्रत्येक बाटली पहिले पोरीकडं जायची. मग बाकीच्या बायाही आणायला लागल्या. बायको म्हणायची, "गावात एक तरी पुरी वाचणारी पाहिजे. तुमच्यासारखी अर्धी नाही."

परे काढले त्या दिवशी दुपार कलली तेव्हा बाकीच्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढल्या. उरलेलं राहू दे म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी बारी दुसऱ्या घरची होती, आणि काढून ठेवलेले परे पिवळे पडतात. ते मी काढलेले होते. बायको वाकलेलीच राहिली. मी धुऱ्यावरून जुड्या फेकत होतो. मला वाटत होतं मीही काम करून राहिलो.

मग ती सरळ उभी झाली. चिखलाचा हात छातीवर ठेवला. "पित्त झालं वाटते," म्हणाली आणि धुऱ्यावर येऊन बसली.

मी म्हणालो, "तरी म्हणलं होतं, दोन-दोन पाती कायले धरायच्या."

माझं तिच्याशी शेवटचं बोलणं हेच.

ती तिथंच आडवी झाली. बाज उलटी करून त्यावर तिला घातलं आणि दवाखान्यासाठी डोंगर उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत शेजारीण, पोरीची आई, थांबली. पायाकडची बाजू तिनं धरली होती. तिनं बाज हळूच खाली ठेवली. तिथूनच परत वर आलो. दिवस बुडायच्या आत सगळं उरकलं. बायांनी तिचे हात दोनदा धुतले, तरी नखांतला चिखल निघाला नाही.

दिवेलागणीला शेजारीण आली. मागं पोरगी.

"मामाजी, उद्यापासून पोरीले रोवणीत घेतो. आता दुसरा इलाज नाही."

पोरीचं दहावीचं वर्ष होतं. ती खाली पाहून म्हणाली, "एक साल गेलं तं गेलं, आबाजी. पुढच्या साली बसीन."

पुढचं साल काय असते ते मी चार पोरींचं पाहिलं होतं.

"जेव अन् झोप," मी म्हणालो. "सकाळी शाळा आहे."

"मंग पात?" तिची आई म्हणाली. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

सकाळी आंघोळ केली, धोतर वर खोचलं आणि निघालो. वाटेत आमची बांधी लागली. मी काढलेल्या जास्तीच्या जुड्या पाण्यात तशाच पडल्या होत्या. शेंडे पिवळे व्हायला लागले होते. मी थांबलो नाही. पुढच्या बांधीत बाया उतरल्या होत्या.

आमच्याकडे माणूस चिखल करतो, परे काढतो, जुड्या फेकतो. रोवायला वाकत नाही. वाकला तर त्याला सालभर चिडवतात. मीही एकाला चिडवलं आहे.

सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, "घरी जा, बापू. सुतक आहे. तिसरा दिस बी नाही झाला."

"पोरीची पात कोणती?"

तिनं हातानं दाखवली. मग म्हणाली, "अन् तुमच्या घरची कोण धरन? तुमची बारी जाईन. अर्धी बांधी पडली आहे."

"जाऊ दे."

मी वाकलो. मागून एकजण म्हणाली, "मामाजी, पुढं नका चालू. लावलेलं तुडवान. मागं मागं सरका." कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

पोरगी धुऱ्यावरून आली. दप्तर होतं खांद्यावर. मला पाहून ती उभी राहिली. तिच्या आईनं मान वर न करता म्हटलं, "जाय. उशीर होते."

ती गेली. मी मागं सरकलो, चार रोपं लावली. दोन आडवी झाली. ती उपटून परत लावली.