मागच्या खोलीतली कूरै

अक्का गेल्याची बातमी घेऊन दारासुरमच्या रेशीम कारखान्यातला कारकून मेलकावेरीच्या आमच्या घरी आला. कामावर बसल्या जागीच तिचा प्राण गेला होता. पायरीवरूनच तो हळू आवाजात म्हणाला, "मांडीवर कूरै होती, हे कुठं बोलू नका. शुक्रवारी लग्न आहे." माझी बहीण गेली होती आणि याला साडीची काळजी...

कूरै म्हणजे मंगळसूत्र बांधताना नवरी नेसते ती साडी. मागावरून आलेली प्रत्येक कूरै अक्का तपासायची. पुढच्या खिडकीशी बसून अंगठ्याने काठ चाचपायची, तुटका धागा चिमट्याने उचलून असा सांधायची की विणणाऱ्यालाही सापडू नये. मग भावोजी वारले. दिवस उरकून ती कामावर गेली, तर मालकाने दारातच सांगितलं की विधवेचा हात लागलेली कूरै कोणी घेणार नाही. बारा वर्षं नावाजलेला हात एका दिवसात अशुभ ठरला.

"नवरा गेला, हात आहेत कीं," एवढंच बोलून अक्का कामगार अधिकाऱ्याकडे गेली. तिला फक्त ती खिडकी परत हवी होती. दीड वर्ष तारखा पडत राहिल्या आणि शेवटी समेट झाला. नोकरी परत, पण मागच्या खोलीत रेशमाचा गुंता सोडवायला. कूरैला शिवायचं नाही, भेदभाव झालाच नव्हता असं लिहून द्यायचं आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही. शेजारी म्हणाले, जिंकलीस. मी तिच्यावरच चिडले. ती म्हणाली, "दमलें गे. आणिक किती तारखा करूं?"

महिन्याभरातच मागच्या दाराने कूरै येऊ लागल्या. खिडकीत बसवलेल्या सवाष्णीला तुटके धागे दिसतच नव्हते. मालक स्वतः उपरण्याखाली साडी लपवून आणायचा. चार वर्षं हे चाललं. याला कोणी समेट म्हणो, मी चोरी म्हणते.

तेराव्याला मालक आला. म्हणाला, "तिच्या हाताला गुण होता." मी विचारलं, "मग खिडकीत का नाही बसवलंत?" हातातलं पाणी तसंच ठेवून तो उठला.

अक्काच्या मांडीवरची ती साडी शुक्रवारी ठरल्या वेळी लग्नघरी पोचली होती. या चार वर्षांत त्या कारखान्याची कूरै नेसलेल्या बायांनो, काठावर अक्काचा हात आहे. तुमचे संसार नीट चाललेत ना?

तिचा चिमटा मी आमच्या पुढच्या खिडकीत ठेवला आहे, उजेडात. गप्प राहण्याच्या त्या कागदावर सही अक्काची आहे, माझी नाही.