चमेलीचा इस्तो

...नाई वं रुचि, चहा नोको मले. बसली तरी जीव थाऱ्यावर नाई. तुह्या मायच्या बाळंतपनासाठी मी इथं तिरोड्याले येऊन बसली, आन् मन माहं तिकडं गावात, चमेलीच्या चुलीपाशी. तू लिही, मी सांगतो.

चमेली म्हंजे आमची शेजारीन. पवाराची बाई, अंगानं काडी, पन आवाज असा का धानाच्या बांधीतले बगळे उडून जात. लग्न होऊन आली तं सासूनं तिले चाव्या नाई देल्या, चुलीतला इस्तो देला. मने, "हा इजू देऊ नोको." तवापासून चमेली रोज निजाच्या आधी राखेत निखारा पुरून ठेवे, सकाळी उकरून फुंके. सारा मोहल्ला गवरीचा तुकडा घेऊन इस्तो मांगाले तिच्या दारात. आता घरोघरी गॅस. मी एकटीच जात होती अजून.

"आली का वं भिकारीन?" मने.

"तुह्या इस्त्यापेक्षा तुहं तोंडच जास्त पोळते," मी मनलं.

बरं. तिच्या पोरानं, दुर्गेशनं, लोखंडाची चूल आनली. आत सळयांची जाळी, खाली राखेचा डबा, धूर जायले नळी. थोड्याच दिवसात जाळी मधात लटकली. लाकडं घसरत, चुलीचं दार लागेना, धूर सारा घरात.

"लाकडाचा दोष," चमेली मने. बाभूळ सोडली, पळस जाळला. पुन्हा लटकली. मग वेल्डिंगवाल्या खुशालवर चढली, "सळई लावली का सुतळी?" त्यानं जाड सळया ठोकून-ठोकून बसवल्या. त्या तं वरच फुगल्या. खुशाल मने, "मावशी, लोखंड तापलं का वाढते, जागा ठेवा लागत होती." मग फट ठेवून देली. तरी लटकली.

दुर्गेश चिडला. "माय, आता वाकली का चूल भंगारात. गॅस हाये न घरी."

"आन् इस्तो?"

"माचिस कायले असते?"

त्या दिवशी चमेली जेवली नाई. ओसरीत उठे, बसे, चुलीत डोकावे, पुन्हा उठे.

मग दिवाळीनंतरची मंडई आली, गावची जत्रा. पाहुने येनार मनून सून नीतूनं मोठे गंज-पातेले घासाले राखेचा डबा पुरा उपसला. राखेसंगं इस्तोही गेला पान्यात. चमेलीनं घर डोक्यावर घेतलं. पन पाहुने थांबतात का? नीतूनं रडत-रडत माचिसनं चूल पेटवली. आन् काय सांगू, चूल अशी भरभरली! दिवसभर भात, वडे, सारं झालं, तरी जाळी सुतासारखी सरळ.

चमेली वाकून-वाकून खाली पाहे. डबा रिकामा, खालून हवा येऊन राहिली. रोज मातर इस्त्यासाठी ती राख उपसतच नोती. डबा भरून राख जाळीले टेके, खालून हवा बंद, मग जाळी लाल होऊन लटके.

"बाई," हळूच मने, "मीच भाजली तिले."

आन् भिंतीले टेकून बसली. तिचा आवाज नाई तं मले भेवच वाटला.

सांजच्याले माह्या दारात उभी. हातात गवरीचा तुकडा. चमेली! जिनं जनमभर कोनाले काही मांगलं नाई. "सकाळी तू नेला होता न इस्तो? दे वापस."

"आली का वं भिकारीन?" मी मनलं. माह्या मातीच्या चुलीतली राख उकरली. थंडी. अजून उकरली. थंडी. पार बुडाशी बोराएवढा निखारा. चमेलीनं फुंकला. डोळ्यात राख गेली तरी फुंकतच राहिली.

आता तिचा डबा रोज रिकामा होते, इस्तो गोरसीत, मातीच्या शेगडीत, राखेखाली निजते. चूल काही भंगारात गेली नाई. पन गोरसी एक, आन् चमेली आताशा विसराले लागली. पयले माह्या चुलीत तरी राहे. आता माही चूल थंडी, मी इथं. एखाद्या दिवशी इजला तं कोनाच्या दारात जाईन ती?

मनून जो कोनी हे वाचन आन् गावाकडं जाईन, त्यानं नीतूले सांगा: सकाळी गोरसीतला एक निखारा माह्या चुलीत पुरत जाय. माह्या घराची किल्ली शेजारच्या केवलरामच्या घरी हाये. आन् चमेलीले मातर हे सांगू नोका.