गुरुजींचे उडालेले फोटो

बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत मोबाईलमधला उडालेला फोटो परत आणणारा माणूस एकच, तो म्हणजे मी! आजवर परत आणलेले फोटो : एक. तो बी उडाला नव्हता. एका म्हातारीनं फोन पालथा धरला होता, मी तो सुलटा करून दिला.

शिक्षण म्हणाल तर सातवी. म्हणजे सातवीत बसलो होतो, तिथून उठवलं. पुढं तीस वर्षं लॉरी चालवली आणि आता मुडबीत नागेशच्या मोबाईल दुकानासमोरचं बाकडं चालवतोय. ह्या बाकड्यावर किस्से कसे साठतात सांगू? नागेशच्या खणातल्या चार्जरच्या वायरींसारखे. एक ओढायला जावं तर गुंता होऊन पाच बाहेर येतात. आज हाताला लागली ती वायर आमच्या गुरुजींची.

* * *

गुरुजी म्हणजे शेजारच्या गावच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. वयानं माझ्याएवढेच, पण मी त्यांना गुरुजी म्हणतो आणि ते मला बाबू म्हणतात. रिटायर झाले, निरोप समारंभ झाला. शाल, हार, हेडमास्तरांचं भाषण, सगळं दणक्यात! फक्त त्यांच्या मंडळी, आमच्या सुशीलाक्का, त्या दिवशी तापानं फणफणल्या होत्या. त्यांना येता आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले ते घामाघूम.

“नागेश, समारंभाचे सगळे फोटो गेले! खिशात ठेवताना कुठं बोट लागलं काय की! काय बी कर, पण आण. बायकोला दाखवायचेत मला.”

“एवढं काय गुरुजी? सांगा की तोंडी,” मी म्हणालो.

“तोंडी सांगून तिला पटतंय व्हय? चौतीस वर्षं तिला वाटायलंय, मी शाळेत नुसता डबा खायला जातो! एकदा तरी तिनं बघावं, माणसं मला हार घालतात म्हणून.”

नागेश शांत माणूस. चाळिशीतला, बोलणं मोजकं. म्हणाला, “घाबरू नका. डिलीट केलेला फोटो लगेच जात न्हाई. तीस दिवस फोनमधल्याच कचऱ्याच्या डब्यात पडून ऱ्हातो. तिथनं उचलायचा.”

त्यानं डबा उघडला. डबा लख्ख रिकामा!

“गुरुजी, ह्यात कायच न्हाई की!”

“कसं असंल?” गुरुजी ताठ होऊन म्हणाले, “आज सकाळीच साफ केलाय. पोरांना जन्मभर तेच शिकवलं, कालचा कचरा आजवर ठेवायचा न्हाई!”

* * *

नागेशनं कपाळाला हात लावला. म्हणाला, “आता एकच करा. ह्या फोननं नवा फोटो काढू नका. नवा बसला की जुन्याची जागा जाते, मग देव बी आणू शकत न्हाई.”

झालं! गुरुजींनी फोन रुमालात गुंडाळला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. त्याच आठवड्यात त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा होता जनवाड्याला. तिथं कुणी कॅमेरा वर केला की गुरुजी जेवणाचं ताट तोंडापुढं धरायचे. पुतण्या म्हणाला, “काका, कामून लपायलाव?”

“तुझ्या फोनात गेलो तर माझ्या फोनातला मी निघून जाईन!”

हे आमच्या नागेशनं सांगितलं नव्हतं. हे मी सांगितलं होतं. आणि एवढ्यावर थांबंल तर तो बाबूअण्णा कसला? मी पुढचं बी सांगून ठेवलं होतं, “गुरुजी, धोका कशाला पत्करता? चार दिवस आरशात बी बघू नका.”

चौथ्या दिवशी गुरुजी दुकानात आले. दाढी चाचपून चाचपून केलेली. मिशी डावीकडं होती, उजवीकडं नव्हती!

नागेश हसून हसून खाली बसला. गुरुजी इतिहासाचे होते म्हणून फसले. विज्ञानाचे असते तर मिशी वाचली असती.

* * *

मग नागेशनं लॅपटॉप काढला. त्यात म्हणे एक सॉफ्टवेअर असतंय, फोनाच्या पोटात शिरून पुसलेलं सगळं खरवडून काढतंय. वायर जोडली, बटण दाबलं. दुपारचे दोन वाजले होते. गुरुजी स्टूल ओढून असे बसले, जसं काय आत बाळंतपण चाललंय.

पडद्यावर आकडा चढायला लागला. पन्नास... दोनशे... नऊशे...

“यायलेत, यायलेत!” गुरुजी स्टुलावरनं अर्धे उठले. “बाबू, बघ, मी म्हणलं नव्हतं?”

पाच वाजता काम पुरं झालं. नागेशनं पहिला फोटो उघडला. गुलाबाचं फूल. खाली ‘शुभ सकाळ’.

दुसरा उघडला. सूर्यफूल. ‘शुभ सकाळ’.

तिसरा, चौथा, शंभरावा... तीन वर्षांतले शुभ सकाळ! मधे मधे गुरुजींचा स्वतःचा कान आणि छताचा पंखा, चुकून निघालेले. शाल न्हाई, हार न्हाई, हेडमास्तर न्हाई. आणि ती सगळी फुलं रोज पहाटे पाठवणारा माणूस तिथंच बाकड्यावर बसून चहा पीत होता. म्हणजे मी.

गुरुजी माझ्याकडं वळले. “बाबू, हे मी एकदा डिलीट केलते. आता दुसऱ्यांदा करायलोय. तिसऱ्यांदा परत आले तर तुलाच डिलीट करतो!”

* * *

तिकडं घरी अक्का रोज संध्याकाळी विचारायच्या, “आले का हो फोटो?”

गुरुजी रोज म्हणायचे, “धुवायला टाकलेत.”

अक्का बिचाऱ्या मान हलवायच्या. फोनमधलं त्यांना काय कळतंय, असं आमचं सगळ्यांचं मत.

आता एकच वाट राहिली. समारंभात आणखी कुणी फोटो काढले होते का, ते बघायचं. शाळेचे शिपाई रहिमानचाचा म्हणाले, “मैं पूरा व्हिडिओ काढ्या ना गुरुजी! शुरू से आखिर तक!”

गुरुजींनी त्यांना मिठीच मारली. दुकानात आणून व्हिडिओ लावला. काळा. सगळा काळा! वीस मिनिटं चाचांचा अंगठा कॅमेऱ्यावर होता. आवाज मात्र खणखणीत. “आमचे गुरुजी म्हणजे शाळेचा खांब...” हेडमास्तर अंधारातून बोलायलेत.

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं.

चाचा म्हणाले, “नाराज कायकू होते? आवाज साफ है ना! आँखां बंद कर को सुनो, सब दिखता!”

* * *

त्या दिवशी मात्र गुरुजी तसेच उठून गेले. चप्पल दुकानातच विसरले. मला जरा वाईट वाटलं. जास्त न्हाई, पण वाटलं. म्हणालो, “नागेश, फोटो परत येत न्हाईत तर मरू दे. समारंभच परत करू!”

रविवारी सकाळी गुरुजींच्या अंगणात सतरंजी टाकली. नागेशच्या लग्नातला कोट अंगात घालून मी झालो हेडमास्तर. कोट मला पोटावर बसत न्हाई, म्हणून बटणं उघडीच. रहिमानचाचांचा फोन खिशात ठेवला, काळा व्हिडिओ चालू केला आणि त्या आवाजावर मी ओठ हलवायला लागलो. मधेच चाचांना कुणाचा तरी फोन आला, तर मी त्या रिंगटोनवर बी ओठ हलवले. गल्लीतली माणसं कुंपणावर बसून टाळ्या वाजवायलेत!

आपल्याकडं निरोपाला माणसाला जोडीनं बसवायची पद्धत. त्याला शाल, त्याच्या बायकोला साडी. म्हणून दोन खुर्च्या मांडल्या आणि अक्कांना आग्रह करून गुरुजींच्या शेजारी बसवलं. ह्यावेळी ताप न्हाई, काय न्हाई. शाल तीच होती, गुरुजींनी पेटीतून काढून दिली. हार ताजा आणला. साडी आणायचं मात्र कुणाला सुचलं न्हाई. मग मी घरातला एक टॉवेल नीट घडी घालून अक्कांच्या हातात दिला आणि म्हणालो, “साडी समजा!”

अक्कांनी टॉवेलाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

“आमचे गुरुजी म्हणजे शाळेचा खांब...” मी ओठ हलवले, हार घातला. गुरुजींची अर्धी मिशी थरथरली. डोळे भरून आले. ते तिरक्या नजरेनं सारखे अक्कांकडं बघायलेत, बायको बघायलीय का न्हाई म्हणून. अक्कांनी हळूच हात पुढं केला आणि हारात अडकलेली त्यांची कॉलर सरळ केली. नागेशनं नेमका तोच फोटो टिपला. पुढंमागं करून आणखी वीस काढले.

फोन अक्कांच्या हातात दिला. त्यांनी एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. गुरुजी श्वास रोखून उभे.

“छान आलेत,” अक्का म्हणाल्या.

गुरुजी लाजले हो! चौतीस वर्षं शिकवलेला मास्तर, नव्या नवरीसारखा लाजला. माझी छाती फुगली, कोटाची शिवण उसवली. मी म्हणालो, “बघा अक्का! आहेत का न्हाईत? जे उडाले ते अगदी असेच होते, हुबेहूब!”

“हुबेहूब कुठलं बाबूअण्णा?” अक्का फोन खाली न ठेवता म्हणाल्या. “त्यात ह्यांच्या शेजारी माझ्या खुर्चीवर तुमी बसला होता, डोक्यावर रुमालाचा पदर घेऊन! अन माझी साडी तुमच्या मांडीवर होती. दुसऱ्या दिवशी पहाटे हे अंघोळीला गेल्यावर मी सगळे बघितले, अन एकेक करून मीच डिलीट केले. फोटो गेले, पण साडी ध्यानात हाय माझ्या. लिंबाच्या रंगाची, जांभळ्या काठाची. परवा तीच नेसून तुमची बायको कांता मला हळदीकुंकवाला बोलवायला आलती!”