गाण्यात आलेली हाक

आमच्या पुंडलिकनगरच्या घरात वरच्या खोलीत एक गाणारा भाडेकरू राहतो. बोलायच्या आधी मान खाजवतो आणि दर वाक्याला "चालंल ना, काका?" विचारतो. मला हा माणूस अजून कळला नाय. दोस्तांसंगं त्यानं त्याच खोलीत अख्खा अल्बम केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आमच्या हिच्या गोधड्या टांगल्या, तिनंच दिल्या. अल्बम निघाला तवा ही राहिली नव्हती.

परवा तो फोन घेऊन खाली आला. "काका, गाणी लोकांना आवडली. पण एका गाण्यात काकूंचा आवाज आलाय. लोकं लिहितेत, ही बाई मधीच का वरडती? दोस्त म्हणतेत काढून टाक. तुम्ही सांगा."

"मला काय कळतं त्यातलं? लाव."

गिटार वाजत होती. मधीच ही जिन्यातून म्हणाली, "अवं, नळ आला, उठा की."

आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो. वरडणारच ती.

"लोकं नावं ठेवतेत तर काढ," मी म्हणलं.

"मला नाय काढायचं," तो म्हणाला.

गाणं त्याचं. मी कोणत्या तोंडानं ठेव म्हणू, ते कळंना.

"तेवढं परत लाव," मी म्हणलं.