दोन पाहुण्या

जर्मनीची एक विद्यार्थिनी दोन महिने आमच्या घरी राहणार, ही बातमी बाबांनी अशा थाटात सांगितली की जणू त्यांना बढतीच मिळाली. बाबा बालाघाटच्या एका शाळेत मास्तर. राजेगावकडे आमची धानाची शेती होती आणि त्या मुलीला धानाचाच अभ्यास करायचा होता. हेडमास्तरांनी विचारलं आणि बाबांनी घरी कोणाला न विचारता हो म्हणून टाकलं. सहासष्ट-सदुसष्टची गोष्ट असेल. मी कॉलेजात नुकतीच जाऊ लागले होते. बाबांखालोखाल घरात इंग्रजी मलाच येत होतं, म्हणून पाहुणी माझ्या गळ्यात बांधली गेली.

माय पाहुण्यांना जीव लावणारी. मुलगी येण्याआधीच तिनं नवीन गादी भरून घेतली, चिरोंजी, म्हणजे चारोळी, घालून लाडू केले. पण मुलगी पहिला चहा पिऊन उठली तशी मायनं मला आत ओढलं.

"तिचा कप अलग ठेव."

"काहून?"

"काय खाते, काय नाही, कोणाले मालूम? पितळ राखेनं घासलं की शुद्ध होते. चिनीमाती नाही होत."

मी शिकलेली, मी भांडायला हवं होतं. पण मायशी भांडायचं म्हणजे दिवसभर घर धुमसत ठेवायचं. मी मुकाट्यानं निळ्या फुलांचा तो कप उचलला आणि मागच्या अंगणातल्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलीनं विचारलंच, "माझा कप बाहेर का?"

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी म्हटलं, "आमच्याकडे पाहुण्याला स्वतःचा कप देतात. तो मानाचा असतो. दुसरं कोणी त्याला हात लावत नाही."

तिचा चेहरा असा खुलला की मी नजर वळवली. तिकडे तिच्या घरी, म्हणे, पाहुण्याला कोणी एवढं जपत नाही. त्या दिवसापासून ती तो कप स्वतः घासायची, पदराला पुसावा तसा झग्याला पुसायची आणि कोनाड्यात जपून ठेवायची. मायला 'माँजी' म्हणून मागे मागे फिरायची. जेवताना तिला एकटीला आधी वाढत, तोही तिला मानच वाटायचा. मी मात्र ती मागे गेली की कान टवकारून बसायची. हिला कधीतरी कळणार, आणि ते मी सांगितलेलं खोटं म्हणून कळणार, ही धास्ती माझ्या मानेवर बसली होती.

त्या कोनाड्यात आणखी एक कप होता, ही गोष्ट माझ्या ध्यानातच नव्हती. रोजचं दिसणारं डोळ्यांना दिसत नाही. तो कप मावशीचा. थंडीच्या दिवसांत धान कुटून आलं की तांदूळ पाखडायला, निवडायला ती आमच्याकडे यायची. आम्ही तोंडानं तिला मावशी म्हणायचो आणि चहा वरून, न शिवता ओतायचो. ती बौद्ध मोहल्ल्यातली. दीक्षा घेतल्यापासून दुसऱ्याच्या घरचं उष्टं-शिळं घेणं तिनं सोडलं होतं. चहा तेवढा घ्यायची, थंडीत बोटं आखडायची म्हणून.

आठवडाही झाला नसेल. सकाळी मावशी सूप घेऊन बसली होती. मी किटली घेऊन मागे गेले. मावशीनं उठून कोनाड्यातला आपला कप काढला, ते अंगणात आलेल्या त्या मुलीनं पाहिलं. तिनं धावत जाऊन आपला कप घेतला, मावशीला खेटून पायरीवर बसली आणि पुस्तकी हिंदीत म्हणाली, "आप भी? हम दोनों इस घर की मेहमान हैं!"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय सांगतलं बाई तुमी हिले?"

मी किटलीकडे बघत म्हटलं, "अलग कप पाहुण्याले देतात, असं."

मावशी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं कप हातात फिरवून पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहत होती.

"हौ का? इतके वर्स झाले, मी पाहुणी हाओ म्हनून मले कोनी सांगतलंच नाही." तिनं कप पायरीवर ठेवला, लुगड्यावरचा कोंडा झटकला आणि उभी राहिली. "मंग पाहुणीले कामाले नाही लावत ना बाई. येतो मी."

अर्धी रास तशीच टाकून ती मागच्या दारानं निघून गेली. मी किटली हातात धरून उभी. एक हाक मारायची होती, तेवढंही झालं नाही माझ्याच्यानं.

"काय म्हणाल्या त्या?" मुलगी काळजीत पडली. "माझं काही चुकलं का?"

"नाही. घरी काम निघालं तिला. उद्या येते म्हणाली."

एका खोट्यावर दुसरं. ते ऐकून ती हसली, "मग तोवर मी करते," म्हणत मावशीच्या जागी बसली आणि सूप उचललं. तिच्या पिवळ्या केसांत कोंडा उडू लागला.

चाहूल लागून माय दारात आली. पाहते तर पाहुणी भुईवर बसून तांदूळ पाखडतेय. मायचा जीव कळवळला, खरोखरच कळवळला.

"काहून बसवलंस तिले तिथं?" ती माझ्यावर खेकसली. "पाहुणीले कामाले लावते का कोणी? मावशी कुठं गेली?"

"येईल उद्या," मी म्हटलं आणि मुलीच्या हातून सूप घेतलं. मला कुठे पाखडता येत होतं? कोंड्याबरोबर तांदूळही अंगणात सांडत होता आणि माय बडबडत होती. उद्या मावशी आली की आधी तिची माफी मागायची, मग त्या मुलीला खरं काय ते सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं.

मावशी आली नाही. तिचं घर आमच्यापासून चार गल्ल्यांवर होतं. मी गेले नाही.