गाण्यातून गाळलेली नावं

सगळे करतात म्हणून तूही कर, असं कोणी म्हटलं की माझं टाळकं सटकतं. हा स्वभाव मी कुठून आणला, देव जाणे. बदलापूर गावात आमची पाचपन्नास घरं एकमेकांना चिकटून आहेत आणि सगळे सगळ्यांचे काका-आत्या. तिथं असला माणूस जन्माला येणं म्हणजे त्याचीही पंचाईत आणि गावाचीही.

पोट भरायला मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका छापखान्यात लग्नपत्रिका बनवतो. सिंधी सेठ, दोन मशिनी, एक कॉम्प्युटर आणि त्यावर मी. पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर येतं यावरून भावाभावांत डोकी फुटायची पाळी आलेली मी पाहिली आहे. एक काका तर नुसतं नाव राहिलं म्हणून माझ्यासमोर स्टुलावर बसून रडले होते. सेठ म्हणाला, "अरे बाबा, नाम में ही तो सब है, डाल दे कहीं पे." मी टाकलं.

आणि रविवारी अंबरनाथला आमचं वाचनमंडळ. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही आठदहा जण उद्याच्या भयाण जगाच्या कथा वाचायचो. तसल्या कथांत सगळं शहर एकसारखे कपडे घालतं, एकसारखं बोलतं आणि एकच माणूस 'नाही' म्हणतो. मग चहा आणि वाद. वाद कसला म्हणा, सगळे एकमुखानं त्या एकट्या माणसाच्या बाजूनं असायचे. यात काही गंमत आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एक तसलीच कथा लिहिली. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. ती एक ओळ गाते, बायका मागून तीच ओळ म्हणतात आणि विधी पुढं सरकतो. या गाण्यांना धवले म्हणतात. देवांना आवतण, मग पितरांना, मग घरातल्या आणि भावकीतल्या एकेकाचं नाव. माझ्या कथेतल्या गावात असं होतं, की पंचांनी सांगितलं की धवलारीण म्हातारी गाण्यातून एखाद्याचं नाव गाळते आणि ज्याचं नाव गाळलं तो माणूस मेल्यात जमा. त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याला कोणी पाणी देत नाही. माझा नायक मांडवात उभा राहून म्हणतो, माझं नाव मीच घेईन. आणि मान ताठ ठेवून एकटा चालू लागतो. मंडळानं टाळ्या वाजवल्या.

हे सगळंच काही मनानं रचलेलं नव्हतं. मी चौथीत असताना गावानं एका घराला वाळीत टाकलं होतं. त्यांनी गावाला न विचारता जमीन विकली, एवढंच. त्यांची म्हातारी गेली तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावाहून माणसं आणावी लागली. आम्ही पोरं खिडकीतून बघत होतो आणि आईनं खिडकी लावून घेतली. ती खिडकी लावल्याचा आवाज माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

पण चूक केली ती वेगळीच. कथेतली म्हातारी मी हुबेहूब आमच्या आत्याच्या वळणाची केली. आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण, गल्लीच्या टोकाला एकटी राहते, गावातली एकुलती धवलारीण. तिची कमरेची पानसुपारीची चंची, गाण्याआधी डोळे मिटून घसा खाकरणं, सगळं उचललं. आणि अंक घरी आणला तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीनं भावाच्या कौतुकापोटी तो घेऊन जाऊन आत्याला वाचून दाखवला. आत्याला वाचता येत नाही. ऐकून ती म्हणाली म्हणे, "चांगलं लिवलंय," आणि चुलीपाशी गेली.

आता याच बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर.

आत्याचे सख्खे मोठे भाऊ, आमचे थोरले काका, गावकीचे प्रमुख. त्यांच्या कानावर गोष्ट गेली. आत्याचा अपमान झाला म्हणून गावदेवीच्या देवळात बैठक बसली आणि ठरलं, की मी देवीपुढं नारळ ठेवून सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हणायचं. नाहीतर आमच्या मांडवात गावचं एक माणूस पाय ठेवणार नाही. धवलासुद्धा होणार नाही.

मी घरात आदळआपट केली. "पोलिसात जातो. वाळीत टाकायच्या विरोधात कायदा आहे. एकेकाला आत घालतो."

बाबा खाटेवर बसून होते. ते म्हणाले, "जा की. पोलीस येऊन धवला म्हननार का?"

मंडळात सांगितलं तर सगळ्यांचे डोळे चमकले. वाकू नकोस, तुझ्या कथेचीच परीक्षा आहे ही, असं एकानं म्हटलं. दुसऱ्यानं पाठीवर थाप मारली. मी छाती फुगवून घरी आलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. दहाबारा दिवस मी त्याच तोऱ्यात काढले. आई रोज थोरल्या काकांच्या दारावरून जायची आणि काकी आत जाऊन दार लोटायची. आई घरी येऊन तांदूळ निवडायला बसायची.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी बहीण माझ्यापाशी येऊन बसली. हातांवरची मेंदी अजून ओली होती.

"दादा, तुझ्या गोष्टीतल्या हिरोला बहीण आहे?"

"नाही."

"आई?"

मी आठवून पाहिलं. त्याला कोणीच नव्हतं. वाचलेल्या इतक्या कथांमधल्या बहुतेकांना कोणी नसायचं.

"तरीच त्याला जमलं," ती म्हणाली आणि उठून गेली. ती रागावली असती तर मी भांडलो असतो. ती रागावली नव्हती.

हळदीच्या दिवशी दारापुढं मांडव, उंबराची फांदी रोवलेली, डेकोरेशनवाल्याच्या दोनशे खुर्च्या आणि त्यांवर आमची सात माणसं. पाच वाजता नवऱ्याकडची मंडळी अंबरनाथहून त्याची उष्टी हळद घेऊन येणार होती. तीही आमच्यातलीच माणसं. रिकामा मांडव पाहून आणि धवलारीण नाही हे कळल्यावर ती हळद अंगणात ठेवतील की तशीच परत नेतील, हे कोणालाच माहीत नव्हतं. धवल्याशिवाय हळद लागत नाही. मंडळाच्या ग्रुपवर संदेश आला होता, की आम्ही मनानं तुझ्यासोबत आहोत. मनानं. एकही आला नव्हता.

सव्वाचार झाले. बहीण पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती आणि मान वर करत नव्हती. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. बाबा उगाच खुर्च्या सरळ करत होते, सरळ असलेल्याच. तेव्हा माझ्यातला ताठा खचला. मी पूजेतला एक नारळ उचलला आणि देवळाकडं निघालो.

गल्लीत दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी होती. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त चीड येत होती, त्यांची आणि माझीही. मनात 'चुकलो, चुकलो' घोकत होतो, पण शब्दाला चव नव्हती. त्या खिडकीबद्दल मी चुकलो नव्हतोच मुळी.

समोरून आत्या येत होती. नवं लुगडं, कमरेला चंची, एकटीच.

"कुठं चाललास?"

"देवळात. नारळ ठेवायला. माफी मागायला."

"कोनाची?"

मी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"गोष्टीन मना घातलंस तू. नाव गालनारी केलीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दारांतल्या सगळ्यांना ऐकू जावं असा होता. "पन्नास वर्सं गातंय मी. एक नाव गाललं नाय. वालीत टाकलेल्यांचं बी घेतलं, देवाच्या नावाआड हलूच घेतलं. इचारलं असतंस तर सांगलं असतं. तू नाय इचारलंस. आता हे माझा अपमान झाला म्हनून बसलेत देवलात. त्यांनी तरी मना इचारलं काय?"

मला रडू आलं. भर गल्लीत, तिशी उलटलेल्या माणसाला. मी खाली वाकलो आणि तिच्या पायाला हात लावला. "आत्या, चुकलो," म्हटलं. या वेळी शब्द खरा होता.

"बरा. नारल मांडवान घेऊन चल. पावनं येतील."

ती येऊन पाटाशेजारी बसली. नवऱ्याकडची मंडळी आलीच. रिकाम्या खुर्च्यांकडं पाहून त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं बाबांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं डोळे मिटले, घसा खाकरला आणि पहिली ओळ घातली.

मागून म्हणायला हव्यात गावच्या बायका. आईनं एकटीनं सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फाटला. पुरुष धवला म्हणत नाहीत. आत्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. मी आईशेजारी बसलो आणि म्हणायला लागलो, बेसूर, मोठ्यानं. देव झाले, पितर झाले. बाबांचं नाव आलं, माझं आलं. माझंही मी तिच्या मागूनच म्हटलं. वाळीत टाकलेल्या त्या घराचं नाव आलं. या वेळी तिनं ते हळू घेतलं नाही.

मग थोरल्या काकांचं नाव आलं.

ते मी म्हटलं नाही. ज्या माणसाच्या घरात आईला पाहून दार लोटलं जायचं, त्याचं नाव मी माझ्या बहिणीच्या मांडवात घेऊ? आई माझ्याकडं बघत होती. आत्या थांबली होती, पुढं जात नव्हती. पाहुण्यांच्या हातात हळदीची वाटी तशीच होती. बहिणीनं पहिल्यांदा मान वर केली.

मी त्यांचं नाव म्हटलं.

आत्यानं पुढची ओळ घेतली आणि बहिणीच्या गालाला हळद लागली.