उजवा पाय आधी

माझ्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे, शस्त्रक्रियेची गरज नाही, व्यायाम करा, असे अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा पहिला संशय मला त्यांचाच आला. रोग सांगून इतक्या लवकर मोकळे होणारे डॉक्टर मी पाहिले नव्हते.

घाई होती ती अकोल्याची. जुन्या शहरात माझी थोरली बहीण माडीवर राहते. तिच्याने खाली उतरवत नाही, माझ्याने वर चढवत नव्हते. दिवाळीपासून ती गॅलरीत आणि मी गल्लीत, असे आमचे बोलणे चाले. सगळी गल्ली ऐकत असताना बहिणीजवळ काय बोलणार?

फिजिओथेरपीची मुलगी माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींहूनही लहान दिसे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडी आवळायला आणि दहा आकडे मोजायला सांगे. दुखणे गुडघ्याचे आणि मेहनत मांडीची, हे मला पटेना; पण तसे म्हणण्याचे धैर्य नसल्यामुळे मी मुकाट्याने मोजत राहिले.

दीड महिन्याने सपाटीवरचे चालणे सुधारले. जिन्यावर कळ तशीच. माझा संशय पक्का झाला, आणि एकदा तो तोंडातून निसटलाही. मुलगी चिडली नाही. कोपऱ्यातल्या तीन लाकडी पायऱ्या दाखवून म्हणाली, "चढा बरं, मॅडम."

मी चढले.

"उजवा काहून टाकता आधी? पहिल्याच दिवशी सांगतलं होतं ना तुमाले, चढताना चांगला पाय आधी?"

सांगितले होते. पण उजवा पाय आधी, हे मला आईने शिकवले होते, आणि आईपुढे या मुलीचा काय पाड? मी चाचरत म्हटले, "डावा पाय अशुभ मानतात."

"शुभ उंबऱ्यावर पाहा न, मॅडम. पायऱ्याईवर गुडघा पाहा."

गेल्या रविवारी बहिणीच्या अरुंद जिन्यापाशी उभी राहिले. मुलीवर पुरता विश्वास तेव्हाही नव्हता. डावा पाय वर ठेवला, उजवा त्याच्या शेजारी आणला. कळ आली नाही. पुढच्या पायरीवर येईल, अशी वाट पाहत मी सगळा जिना चढले.

दारात बहीण उभी होती, माझ्या पायांकडे बघत.

"डावा पाय टाकत आली माह्या घरी? काय आहे वं तुह्या मनात?"

मी उंबऱ्यापाशी थांबले आणि उजवा पाय आत टाकला. तिने आधी गॅलरीचे दार लावून घेतले. मग आम्ही हळू आवाजात बोलू लागलो.